पिल्लू अजून दुधावरच

वर्तकनगर, ठाणे
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. शीलाआत्या हिस,
सविनय जयभीम, वि. वि.

एकोणीस जुलैला दुपारी सव्वातीन वाजता रचनाने ओढणीत गुंडाळलेलं मांजराचं पिल्लू माझ्या हातात दिलं, आणि माझं सगळं बदललं. हसायचं तर हस. पण मी कॉलेज सोडल्यापासून जिने माझा एक मेसेज उघडला नव्हता, ती माझी वर्गातली रचना कोलशेतला मी कामाला लागलोय त्या गोडाऊनच्या गेटवर स्वतः चालत आलेली! पिल्लू तिला गटाराच्या कडेला सापडलं. कोपरीला घरी नेलं तर तिची आई म्हणाली, स्वतःच्या तोंडाने खाणारं जनावर आण, हे अंगावरचं तान्हं मला नको. मग असं ठरलं की खायला लागेपर्यंत ते माझ्याकडे, नंतर तिच्याकडे. तोवर दर रविवारी अकराला ती बघायला येणार.

मागच्या वेळी मी फोनवर ओरडलो म्हणून तू फोन बंद केलास, यापुढे पत्रच लिही म्हणालीस. तर हे पत्र. ओरडायला अंगात ताकदच नाहीये, आत्या. दर चार तासांनी दूध कोमट करायचं, सिरिंजने थेंब थेंब पाजायचं, तोंड पुसायचं. जेवणाच्या सुट्टीत कोलशेतहून स्कूटर मारत घरी येतो, ते पाजण्यापुरता. माझं जेवण राहतं. पप्पा अजून माझ्याशी बोलत नाहीत, मांजरीशी मात्र बोलतात.

आणि ही बया खात नाही. पाकिटातलं खाणं भिजवून दिलं, चिकन उकडून कुस्करलं, मांदेली काटे काढून दिली. ती बशीत पाय घालते, वर बसते आणि मला हाका मारते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दात आलेत, आजार काही नाही, पण सात आठवड्यांचं पिल्लू नुसत्या दुधावर तगत नाही. वजन चारशे ऐंशी ग्रॅम, पाहिजे सातशेच्या आसपास. माझं डोकं सटकलं, त्यांनाही बोललो. आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?

नाव ठेवायचा मान आत्याचा. चांगलंसं कळव. लोभ आहेच, तो या मांजरीलाही थोडा दे.

तुझा,
रत्नदीप


डोंबिवली (पूर्व)
दि. १६ ऑगस्ट २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

काल टपाल बंद, म्हणून तुझं पत्र आज मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच. नाव मी ठेवीन रे, पण आधी बाळ कुणाचं ते ठरू दे. पत्रात रचना पहिल्या ओळीत आली, मांजर खात नाही हे तिसऱ्या परिच्छेदात. तुझ्या पप्पांना मी सांगितलं की पोरगं लिहायला लागलं. ते म्हणाले, परीक्षेत लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांनाही फोन बंद करून दाखवला.

आता कामाचं. बावीस वर्षं बालवाडीत पोरांना खिचडी भरवली आहे, तेवढ्या अधिकाराने सांगते. पोट भरलेलं पोर ताटाकडे बघत नाही. आधी खाणं, मग दूध. बशी सपाट घे. खाणं कोमट असू दे, गार झालं की वास मरतो. पहिला घास बोटाने ओठाला लाव, चाटू दे. रागावू नकोस. आणि डॉक्टरीणबाईंकडे जा, माफी माग. माफीने कुणाचं वजन कमी होत नाही.

गुडघा माझा तसाच आहे, वर्षावासात विहाराच्या पायऱ्या चढते तेवढाच व्यायाम. तू जेवत जा. प्रेम आहे ते वाढव, उद्धटपणा पुरे.

तुझी,
शीलाआत्या


वर्तकनगर, ठाणे
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. शीलाआत्या हिस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच शनिवारी एक गंमत झाली. मी आंघोळीला गेलेलो. बाहेर येऊन बघतो तर पिल्लाच्या मिशीला चिकन! बशीत जिभेच्या चार रेघा. मी ओरडलोच. पप्पा पण धावत आले आणि विसरून माझ्याशी बोलले.

काल रविवारी रचना आली तेव्हा मात्र पिल्लाने काही खाल्लं नाही. पावणेअकराला मांजरी फार रडत होती म्हणून मी एक अख्खी सिरिंज पाजलेली, त्यामुळे असेल. रचना दीड वाजेपर्यंत थांबली. तिनेही पाजलं, कुर्त्यावर दूध सांडलं, हसली. म्हणाली की काळजी वाटते, आता बुधवारी पण येईन. कॉलेजला परत का येत नाहीस, हेही तिने विचारलं. आत्या, सहा महिन्यांत मला हे कुणी इतक्या नीट विचारलं नव्हतं.

वजन चारशे सत्तर. दहा ग्रॅमने उतरलं, पण काटा भाजीवाल्याचा, त्याचं काय खरं! मी पार पिळून निघालोय. गोडाऊनमध्ये आज खोक्यावर बसल्या बसल्या झोपलो. बाकी ठीक. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
रत्नदीप


डोंबिवली (पूर्व)
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शनिवारी तू आंघोळीला होतास तेव्हा पिल्लाने चाटलं. रविवारी रचनाच्या येण्याआधी पाव तास तू त्याचं पोट भरलंस. रत्न्या, आधीच्या रविवारी काय केलंस ते मी विचारत नाही. तूच आठवून बघ.

आमच्या बालवाडीत हौसाबाई नावाची एक बाई यायची. डबा उघडला की दारात उभी राहायची आणि पोरगा तिच्याकडे बघत तोंड घट्ट मिटायचा. ती रडायची, की माझ्याशिवाय तो जेवतच नाही. खरं म्हणजे ती असेपर्यंत तो जेवत नव्हता. मी एक दिवस तिला बाहेर काढलं आणि दार लावलं. महिनाभर तिने मला तोंड दाखवलं नाही.

बशी ठेव, बाहेर जा, दार लाव. अर्धा तास. सिरिंज खिशात ठेवू नकोस, पिल्लाला वास येतो.

ती मुलगी मनाने चांगली दिसते. म्हणूनच सांगते, उपाशी पिल्लाच्या जोरावर तिला थांबवू नकोस. रागव माझ्यावर, पण जीव लावायचा सोडू नकोस.

तुझी,
शीलाआत्या


वर्तकनगर, ठाणे
दि. २४ ऑगस्ट २०२५, रविवार, सकाळी दहा

ती. शीलाआत्या हिस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि फाडलं. मी असा वाटलो का तुला, असं म्हणत घरभर फिरलो. मग पिल्लाला उचललं तर पाठीचे मणके बोटाला एक एक मोजता आले. डॉक्टरीणबाईंकडे गेलो, माफी मागितली. त्यांच्या काट्यावर चारशे पंचावन्न. त्या म्हणाल्या, आता फार दिवस हातात नाहीत.

घरी येऊन पत्राचे तुकडे टेपने चिकटवले आणि तू लिहिलंस तसं केलं. मांजरी दाराआड दहा मिनिटं इतकी रडली की पप्पा मला खलनायक म्हणाले. मी कडीला हात लावला तर त्यांनीच माझा हात धरला. मग गप्प झाली. अर्ध्या तासाने बघितलं तर बशी मधोमध साफ.

म्हणजे तिला येतं. आणि मला ते त्या शनिवारीच कळलेलं. आत्या, ती खायला लागली की रचना एकदाच येईल, घेऊन जाईल, मग मला रविवार कसला? आता दहा वाजलेत. सवयीने सिरिंज भरून ठेवली आहे. काय करेन, माझं मलाच माहीत नाही. लोभ असाच असू दे, मी काहीही केलं तरी.

तुझा,
रत्नदीप

ता. क. दुपारी लिहितोय. सिरिंज मोरीत रिकामी केली. रचना आली. मी बशी ठेवली. पिल्लू बशी ओलांडून माझ्या मांडीवर चढलं, बोटं हुंगली, रडायला लागलं. रचना म्हणाली की अजून जमत नाहीये बिचारीला, राहू दे, मी पुढचा महिनाभर पण येत जाईन. आत्या, महिनाभर म्हणाली. मी नुसता हो म्हणालो असतो तर झालं असतं.

मी सांगून टाकलं. चाटल्याचं, पावणेअकराचं, कालच्या साफ बशीचं. तिने विचारलं, किती रविवार? मी म्हणालो, नक्की धरले तर तीन. ती पिल्लाला माझ्या मांडीवरून उचलून बशीजवळ घेऊन बसली, माझ्याकडे न बघता. पिल्लू मात्र मान वळवून माझ्याकडेच बघत होतं. मी उठलो, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.