उजेड पेशींच्या बाहेर होता

जरीपटका, नागपूर
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

प्रिय मयुराताईले सोनिकाचा नमस्कार,

मी बरी आहो. थंडी पडली, नळाच्या पाण्याले हात लावावा वाटत नाही. तुझ्या अपेक्षाचा खोकला गेला का? दुर्गेशभाऊजी संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात आले, त्यांच्याच हाती हे देऊन राहिली. त्यांना काही सांगितलं नाही. आधी तू वाच, मग त्यांना दे. म्हणशील, बाई, फोन काय मेला? फोन आहे वं. पण तू ‘हॅलो’ म्हणाली की मी रडली असती, अन् तुले काहीच समजलं नसतं.

येत्या शनिवारी मारुतीपुढं रोडगे करून तू नवस फेडून राहिली म्हणे. रोडगे भाजायले गोवऱ्या रचल्या, सगळ्या गावाले जेवण सांगितलं. अन् हे सगळं माझ्या त्या फोनच्या भरवशावर!

ताई, अपेक्षाच्या दंडाची टिकलीएवढी चामडी घेतली होती ना, त्यातल्या पेशी मी लॅबमध्ये वाढवल्या. तिच्या पेशींत एक एन्झाइम काम करते का, एवढंच पाहायचं होतं; ते काम करत नसलं तरच हा रोग असते. त्यासाठी असं रसायन टाकतो, की एन्झाइम जिथं काम करते तिथं निळा उजेड पडते. मायक्रोस्कोपमध्ये निळं दिसलं अन् मी तशीच बाहेर पळाली, तुले फोन लावला. “उजेड आहे वं ताई!”

पण तो उजेड नेमका कुठं आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. पेशी वाढवायले वासराच्या रक्तातलं पाणी घालावं लागते, अन् त्यातही हेच एन्झाइम राहते. ते आधी नीट धुऊन काढायचं असते. लॅबमधल्या नव्या पोरींना मी रोज हेच सांगते, अन् माझ्याच भाचीच्या वेळी घाई केली. आमच्या लॅबच्या मॅडमनं पाहिलं, म्हणाल्या, “सोनिका, हा उजेड पेशींच्या बाहेर आहे.”

धुऊन पुन्हा केलं. शेजारी निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या होत्या, त्या लख्ख उजळल्या. अपेक्षाच्या काळ्याच राहिल्या. मग परत केलं, तरी तसंच.

तिचं बोलणं जाऊन राहिलं, पाय आखडून राहिले, ते याच्यानंच. याच्यावर औषध नाही अजून. लिहून टाकलं एकदाचं.

अन् तुझी सासू म्हणते ना, हा माहेरचा दोष आहे? साफ खोटं! आईबाप दोघांकडून आलं तरच होते हे. तू एकटीनं काहून मान खाली घालायची? मी सांगीन त्यांना.

मॅडम म्हणाल्या, त्या पेशी आता फेकून दे. नाही फेकल्या मी. मस्त वाढून राहिल्या वं त्या. त्यांचं खाणं बदलते, झाकण लावते अन् घरी येते. लय थकली मी, ताई.

रोडग्यांचा बेत मोडू नको. शुक्रवारच्या एसटीनं येते, कणीक मीच मळीन. गावाले तू काही सांगू नको. फोन मी केला होता, तर सांगीनही मीच. तू फक्त अपेक्षाले दारात उभी ठेव. तिले उभं राहता येते तोवर मले तशी पाहून घ्यायची आहे.

तुझी उतावळी,
सोनी