अध्यक्षांचे कान आणि दादाचा सोफा

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः घ्या. माळ्यावर पालथा पडून लिहितोय, आठही अंगं फळीला टेकलेली आहेत. उठून बसावं तर डोकं छपराला लागतं.) तुमची कंबर कशी आहे? मामीची दाढ शेवटी काढली की अजून तिची समजूत घालताय? आणि मागच्या खेपेला मी तुमच्या कुत्र्याला चष्मा घातला होता, तो राग त्याने सोडला का, तेही कळवा, कारण माझं पुढचं बरंच काही त्याच्यावर अवलंबून आहे. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी सोडून. आई दोन्ही वेळचं ताट शिडीवरून वर सरकवते आणि खाली दादाला सांगते की धाकट्याचा काही पत्ता नाही. माउलीच ती. खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलत नाही, मला आत्ता कळलं मी कुणावर गेलोय.

तुम्ही दादाला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो माणूस होता. आता तो मोटरसायकलवाला आहे. त्याने त्या नव्या कंपनीची क्रूझर घेतली. क्रूझर म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीला इंजिन. पाय पुढे, हात वर, पाठ मागे, बसलेल्याला वाटतं आता कुणीतरी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळणार. रंग चकचकीत, सीट एवढी रुंद की आपल्या आत्याबाई मांडी घालून बसतील आणि वर शेजारी जागा देतील. दादा रोज सकाळी तिला दातांच्या ब्रशने घासतो. (ब्रश कुणाचा, हे मी सांगितलेलं नाही. बाबा हल्ली पेस्टची चव बदलली म्हणतात.)

तर आमच्या कोपऱ्यावर एक गॅरेज आहे आणि त्याच्या कट्ट्यावर जुन्या गाडीवाल्यांचं मंडळ बसतं. जुनी म्हणजे ती धडधडणारी, आपल्या आजोबांच्या वेळेपासूनची. या मंडळाला एक अध्यक्ष आहेत. त्यांना कुणी निवडलं नाही, ते आधी येऊन बसले. एक खजिनदार आहेत, त्यांच्याकडे खजिना म्हणजे एक जादा क्लचवायर. दर रविवारी हे लोक सहलीला निघतात. नाक्यापर्यंत जातात, कुणाची तरी गाडी बंद पडते, मग सगळे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून तिच्या पोटात बघतात, हात काळे करतात, चहा पितात आणि संध्याकाळी ढकलत परत येतात. आणि म्हणतात, काय सहल झाली! गाडीखाली तेल गळतं त्याला हे जिवंतपणा म्हणतात. आरशात मागच्या एका ट्रकचे थरथरून चार दिसतात त्याला दणकटपणा म्हणतात. अध्यक्षांना तर किकने असा उलटा हिसका दिलाय की ते जन्माचे लंगडतात, पण ते लंगडणंसुद्धा असं, की जणू छातीवर पदक लावलंय. सरळ पायाच्या माणसाला आमच्या कट्ट्यावर लाज वाटते.

यात दादाची पंचाईत समजून घ्या. त्याची गाडी बंदच पडत नाही. बटण दाबलं की चालू, फिरवलं की जाते, थांबवलं की थांबते. अशा गाडीबद्दल माणूस कट्ट्यावर बोलणार काय? बिचारा रविवारी त्यांच्या मागे जायचा आणि सगळे पाने घेऊन वाकले की हा एकटा उभा, स्वच्छ हातांचा, सासरी आलेल्या नव्या नवरीसारखा. अध्यक्ष त्याच्या गाडीला ‘सोफा’ म्हणतात. ‘काय रे, सोफा कुठं पार्क केलास? उशा आणल्यास का?’ की सगळे खो खो. दादाही काही कमी नाही. तो म्हणायचा, ‘काका, तुमच्या गाडीला दिवा कशाला हवा? मागून ढकलणाऱ्याला दिसतं की रस्ता.’ आता हे इतर कुणाला बोलला असता तर चाललं असतं. पण अध्यक्षांना एक मुलगी आहे. आणि दादाला ती हवी आहे. आणि तिलाही, का कोण जाणे, दादाच हवा आहे.

नोकरी बरी, घर बरं, दोन्हीकडच्या आया राजी. फक्त अध्यक्ष अडले. म्हणाले, ‘पोरगा चांगला आहे, पण ज्याला गाडीचा आवाज कळत नाही त्याला संसाराचा काय कळणार? माझी पोरगी मी सोफ्यावरून पाठवणार नाही. विक म्हणावं तो आणि माणसांची गाडी घे.’ दादा म्हणाला, मरेन पण विकणार नाही. (मरणार कुणीच नव्हतं. पण दादा जेवेना, आणि त्याच्या वाटणीचं खाऊन खाऊन माझं पोट बिघडलं. या घरात त्याग कोण करतं, हे कुणी बघत नाही.)

शेवटी अध्यक्षांनी परीक्षा ठेवली. त्यांचा दावा असा, की डोळे बांधा आणि शंभर गाड्या चालू करा, मी माझी आवाजावरून ओळखतो. दादा तावातावाने म्हणाला, मग मीही माझी ओळखतो. ठरलं. दोघांनी डोळे बांधून उभं राहायचं. दादा हरला तर सोफा विकायचा. अध्यक्ष हरले तर लग्नाला होकार द्यायचा. अध्यक्ष राहतात त्या घराखालीच वेल्डरचं दुकान आहे. दोन्ही गाड्या तिथे शटरच्या आत लावल्या, आणि शटरमागे गाड्या चालू करायला कोण, तर कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक गरीब, सरळ मुलगा हवा होता. मामा, हसू नका. त्यांना मीच सापडलो.

रविवारी सकाळी सगळं मंडळ रस्त्यावर हजर. अध्यक्षांच्या मुलीने दोघांचे डोळे गाडी पुसायच्या फडक्यांनी बांधले, चांगल्या निरगाठी मारून. वेल्डरला ती त्याआधीच चहाला वर घेऊन गेली होती. मी आत गेलो, शटर ओढलं. आत डावीकडे राणी (अध्यक्षांची), उजवीकडे सोफा, आणि मधे वेल्डरचा तो जुना डिझेल जनरेटर. त्यात डिझेल अगदी काठोकाठ भरलेलं होतं. योगायोग असतात. मी दोन्ही गाड्यांना हात जोडले आणि जनरेटरचा हँडल फिरवला.

धड, धड, धड. बाहेरून अध्यक्षांचा आवाज, भरून आलेला: ‘ही माझी. ही माझी राणी.’ लगेच दादा, ‘काहीतरीच काय काका, ही माझी आहे!’ अध्यक्ष म्हणाले, ‘अरे, तिसऱ्या ठोक्याला हुंदका ऐकू येतोय का? तो एका चढावर लागला होता तिला, सोळा वर्षं सांभाळलाय मी तो हुंदका!’ दादा म्हणाला, ‘हुंदका कसला, किती मऊ चालतेय बघा. हे नवीन इंजिन आहे, यात हुंदका बसवतच नाहीत!’ आपला तो बाब्या म्हणतात तसं, पण इथे बाब्या दोघांचाही नव्हता. मी जनरेटरचा वेग जरा वाढवला. अध्यक्ष म्हणाले, बघ, मला ओळखून उत्तर देतेय. मी जरा कमी केला. दादा म्हणाला, लाजली. खजिनदारांनी डोळे उघडे असून छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, जुनं ते सोनं. मंडळातले अर्धे इकडे, अर्धे तिकडे, गचांडी धरायचीच बाकी होती. मी आत फडकं तोंडात कोंबून बसलो होतो, मामा. फडक्याला ग्रीस होतं. तरी काढलं नाही.

तेवढ्यात वेल्डर चहा संपवून खाली उतरला, मागच्या दाराने आत आला, माझ्याकडे बघितलं, जनरेटरकडे बघितलं, आणि सरळ जाऊन शटर वर केलं. ‘माझं मशीन कुणी चालू केलं? अजून फाटकाची कडी चिकटवायचीय.’ मुलीने पुढे होऊन दोघांची फडकी सोडली. अध्यक्षांनी राणीकडे पाहिलं. थंड. दादाने सोफ्याकडे पाहिलं. थंड. मधे जनरेटर आपला हुंदके देत होता. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग, मामा, दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. इतकं एकमत त्यांच्यात आजवर कधीच झालं नव्हतं.

मी सायकलवर उडी मारली. अध्यक्षांनी राणीला किक मारली. दुसरी मारली. पाचवीला दादा ओरडला, ‘काका, बसा मागे!’ आणि मंडळाचे अध्यक्ष, सगळ्या मंडळासमोर, सोफ्यावर बसले. बाजारातून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून त्यांनी माझा पाठलाग केला. शेवटी मी शिंप्याच्या बोळात घुसलो, कारण मला ठाऊक होतं की त्या गाडीचा हँडल वळवायला ग्राउंड भाड्याने घ्यावं लागतं. (नव्या कंपनीने एवढं बघावं, माझी तेवढीच तक्रार आहे.) ते बोळाच्या तोंडाशी अडकले. मी भिंतीआडून ऐकलं. दोघं माझ्या नावाने जे काय बोलले ते मी लिहीत नाही, मामी पत्र वाचते. पण शेवटी अध्यक्ष हळूच म्हणाले, ‘एवढा हिंडलो, पण कंबर दुखली नाही रे. हिला मागे टेकायला काही बसवून मिळतं का?’

लग्न ठरलं. अट एकच, त्या दिवसाबद्दल कुणी कुठे ब्र काढायचा नाही. म्हणून तुम्हाला लिहून कळवतोय. आता दोघे सासरे-जावई रोज संध्याकाळी मला शोधायला एकाच गाडीवरून निघतात, गळ्यात गळा घालून. मी त्यांचा संसार जुळवला आणि बक्षीस म्हणून मला माळा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मामीला नमस्कार, कुत्र्याला माझ्याकडून बिस्कीट.

तुमचा निरागस भाचा

ता. क. सगळी कल्पना माझी, असं वर वाटत असेल तर वाटू द्या. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही (माळ्यावर उकडतं, खोटं सुचत नाही). डिझेल होणाऱ्या वहिनीने भरलं होतं. जनरेटरही तिनेच सुचवला. म्हणाली, ‘एकाला चूक ठरवलं तर दुसरा जन्मभर मिरवेल. दोघं एकदमच तोंडघशी पडले पाहिजेत.’ मी विचारलं, मग मार कोण खाणार? तर गोड हसून म्हणाली, ‘तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर संशय येईल का, भाऊजी?’ मामा, या घरात आजवर मीच हुशार होतो. आता दिवस फिरले.

आणखी ता. क. तर विनंती अशी, की लग्नापर्यंत मला तुमच्याकडे ठेवून घ्या. कुत्र्याची समजूत घालून ठेवा, चष्मा लपवून ठेवा.

शेवटचं ता. क. या रविवारी सकाळी निघतोय, दादाच्या सोफ्यावरूनच. किल्ली वहिनीने बिदागी म्हणून आगाऊ दिली आहे, दादाला अजून माहीत नाही. आवाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघूनच फाटक उघडा. माझ्या मागून ते दोघे मला धरायला येतील, पण ते राणीवरून येतील, तेव्हा घाई करू नका. आपली जेवणं शांतपणे उरकतील, वर तुमची वामकुक्षीही होईल.