मुकादमाचा डोंगर

रवि. २६ ऑक्टो. १९५२

थोरल्या बहिणीला, बायला, मुंबईच्या इस्पितळात पोचवून आलो. पोटाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात दोन आठवडे, नर्स म्हणते महिना धरा. खाटेवर टेकली नाही तोच बायचा पहिला प्रश्न : "मुकादम माझ्या खाटेखालीच ऱ्हाईल ना रे?" हो म्हटलं.

कराची सोडून आली तेव्हा हातात एक ट्रंक आणि फडक्यात गुंडाळलेलं हे कासव. अंतोनभावजींनी तिकडच्या वाळवंटातून आणलेलं, पाठीवर चांदण्या. भावजी तिकडच्याच मातीत राहिले. घर, भांडी, शिवणयंत्र, सगळं तिकडेच. दिवसातून दोनदा भिंतीकडेनं सारं घर तपासत फिरतो म्हणून भावजींनी नाव ठेवलं मुकादम.

गुरु. ३० ऑक्टो.

नववीच्या परीक्षेची चित्रं तपासायला जमिनीवर मांडली होती. मुकादम त्यांच्यावरून तपासणी करत गेला आणि मधोमध घाण करून ठेवली. चार पोरांचे निसर्गदेखावे बाद. डोकं फिरलं. उचलला आणि मागे केळींत नेऊन सोडला.

कार्मेल चुलीपाशी होती. म्हणाली, "बायला काय सांगशील?" म्हटलं, कासवाला हिरवळ बरी की खाटेखालची धूळ? बायकोला असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सवय नाही, ती नुसती बघते.

खोली मोकळी झाली. बायच्या खाटेखाली माझे कागद रचले. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

रवि. २ नोव्हें.

मेलेल्यांचा सण. सिमेट्रीत आईबापूंच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. बायला इथे लावायला कबर नाही. ती दरवर्षी उंबऱ्यावर एक मेणबत्ती लावते आणि शेजारी मु.ला बसवते. भावजींना ओळखणारं घरात तेवढंच.

आज मी लावली. मग मु. आठवला. केळींत शोधला तर पाटाच्या कडेला चिखलात रुतलेला. धुऊन आणला, उंबऱ्यावर ठेवला. डोकं बाहेर काढलंच नाही. मेणबत्ती संपल्यावर परत केळींत ठेवून आलो. तेव्हाच आत ठेवायला हवा होता, पण खाटेखाली कागद होते.

सोम. १० नोव्हें.

मु.चे दोन्ही डोळे सुजून मिटलेत. नाकातून बुडबुडे. फूल पुढे धरलं तर तोंड वळवतो. कार्मेल सकाळ-संध्याकाळ बोरिकच्या पाण्यानं डोळे पुसते. मला काही बोलत नाही. बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

वाळवंटातला जीव. आमच्या सांडोर गावात केळीला रोज रहाटाचं पाणी सुटतं, जमीन वाळते कधी? हे मला कळत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच केला नाही.

मंगळ. ११

जनावरांचे डॉक्टर बाजारात गाठले. कासव म्हटल्यावर आधी हसले. मग म्हणाले, "ऊन द्या, कोरडी जागा द्या. आणि ऊन झालं की शिरायला दगडाची कपार द्या. अंधाऱ्या खोलीत आता नको."

म्हणजे खाटेखालीही नको. अंगणात विटांचं कुंपण घातलं, खाली कोरडी वाळू पसरली. खाडीची वाळू, तीन पाण्यांनी धुतली तेव्हा जिभेला खारट लागेनाशी झाली.

कपार माझ्यावर सोडा. देवळातला नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा, इतकी वर्षं कोण करतो? बेथलेहेमचे डोंगर माझ्या हाताशिवाय उभे राहत नाहीत, गुहा तर माझी खासियत.

शुक्र. १४

कामट्यांचा सांगाडा, वर खळीत बुडवलेली वर्तमानपत्रं, गेरू आणि काजळी. लांबून बघणारा म्हणेल डोंगरच. आज सकाळी पाहतो तर दंवानं सारा मऊ पडलेला आणि मु. मिटल्या डोळ्यांनीच पायथा खातोय. खळ पिठाची, वास आला असेल. इतक्या दिवसांनी त्यानं तोंड हलवलं ते माझा डोंगर खायला.

कार्मेल पहिल्यांदा हसली. मीही हसलो. मग कागदाचा लगदा त्याच्या तोंडातून बोटानं काढत बसलो.

माझे डोंगर टिकायचे नसतातच. नाताळानंतर तीन राजांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी लाथ घालून मोडायचे, हीच रीत. टिकेल असं आजवर काही केलं नाही हे आज ध्यानात आलं.

रवि. १६

इस्पितळ. बायची जखम चिघळली आहे, मुक्काम वाढला. चेहरा एवढासा झालाय.

"मुकादम खातो ना?"
"खातो."
"काय खातो?"
"जास्वंदीची फुलं."
"कुनाच्या हातची?"
"माझ्या."

बाय एवढी खूश झाली की शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, माझ्या भावाच्या हातचं खातो, कराचीत तर कुणाच्या हातचं खात नव्हता. परतताना स्टेशनापर्यंत चालत आलो. बसमध्ये लोकांसमोर बसवेना.

गुरु. २०

आता डोंगर चुन्याचा. देवळाची जुनी भिंत गुळाच्या पाण्यात मळलेल्या चुन्याची, असं लहानपणापासून ऐकतोय. शिंपल्यांचा चुना आणला, विरवला, वाळू घातली. गुळाच्या पाण्याचं प्रमाण कुणाला विचारलं नाही. ड्रॉइंग मास्तरनं काय विचारायचं? थोडा जास्तच गूळ घातला, म्हटलं जास्त टिकेल.

दगड सुरेख झालाय. पाठीवरून चढायला उतार, खाली गुहा. ठोकला तर खणखणतो. सूज उतरतेय, डावा डोळा किलकिला झालाय. मु.ला उचलून गुहेत ठेवला, आवडली असावी, बाहेर आला नाही. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

शनि. २२

लाल मुंग्या. गुळाच्या वासानं कुंपणाबाहेरून रांग लागलेली, गुहेत शिरलेली, आणि त्यातून उजव्या डोळ्यात.

कार्मेल ओरडली तेव्हा मी दाढी करत होतो. तसाच धावलो. बादलीत बुडवून मुंग्या सोडवल्या. तो पाय आत ओढून घेऊन दगडासारखा पडून राहिला. ओरडत नाही, चावत नाही. ओरडला असता तर काल कळलं असतं.

उजवा डोळा गेला. डॉक्टर पाहून गेले, म्हणाले डावा वाचेल बहुतेक.

चुन्याचा दगड घणानं फोडून विहिरीमागे टाकला. तिथेही मुंग्या.

रवि. २३

देवळातली मिस्सा चुकवली. कार्मेल एकटी गेली. इस्पितळात जायचा वार होता, तिथेही गेलो नाही. सर्दी झाली असा निरोप धाडला. बायनं उलट निरोप पाठवला : मास्तरला म्हणावं तुळशीचा काढा घे, आनी मुकादमाच्या जवळ शिंकू नको.

गुरु. २७

आता सिमेंट, दुसरं काही नाही. पण सिमेंट परमिटवर. फादरांकडे देवळाच्या विहिरीच्या कठड्यासाठी आलेली गोण आहे. गेलो.

"फादर, एक घमेलं मिळेल?"
"गोठ्यासाठी?"
"डोंगरासाठी," म्हटलं.

फादर म्हणाले, यंदा दणकट करा, मास्तर. माझा 'डोंगर' हा शब्द खरा होता, बाकी सगळं खोटं.

रवि. ३० नोव्हें.

काम असं चाललंय. कामट्यांऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवली. गोणपाटाच्या पट्ट्या सिमेंटच्या रबडीत बुडवून आडव्या-उभ्या लावल्या, वाळल्यावर दुसरा थर. वरून वाळू-सिमेंटचा गिलावा, आणि तो ओला असतानाच चुरगळलेली कागदी पिशवी दाबून काढली, की खडकाच्या सुरकुत्या हुबेहूब उठतात. एवढी विद्या गोठ्यातली कामी आली. आतली बाजू करवंटीनं घोटून गुळगुळीत केली, त्याची पाठ घासायला नको. गुहेला दोन तोंडं. एकीकडून काही आलं तर दुसरीकडून निघता यावं.

हे मी चांगलं करतोय. ते चांगलं होतंय याचाही राग येतो.

रवि. ७ डिसें.

चार दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवला होता. आता रोज डोंगर उलटा करून गुहेत पाणी भरतो, रोज उपसतो. पहिल्यांदा पांढरं फटक आलं, बोटं चरचरली. घाई केली असती तर याच पाण्यात त्याचे पाय... या खेपेला घाई नाही. सिमेंटचा दाह मारायला ताडीचा आंबट शिरका ओतला तर फसफसला. पुन्हा पाणी. कार्मेल म्हणाली, "एवढा शिरका लोनच्याला पन नाय लागत." पण बाटली तिनंच आणून दिली.

मु. डाव्या डोळ्यानं बघतो. उन्हाला बसतो. काल पपईची फोड खाल्ली, जमिनीवर ठेवलेली. माझ्या हातून घेत नाही.

सोम. १५

पाणी आता स्वच्छ निघतं. डोंगर कोरडा करून कुंपणात ठेवला. भोवती राखेची रेघ, मुंग्यांसाठी. मु. दारापाशी थांबला, डोकं तिरकं करून डाव्या डोळ्यानं आत पाहिलं, मग गेला. मी घरात आलो.

शनि. २०

देवळातला गोठा उभा केला. कागद आणि खळ, नेहमीसारखा. फादरांनी येऊन बेथलेहेमवर बोटानं टकटक केली. ढबढब आवाज. माझ्याकडे पाहिलं.

"सिमेंट आतून हाय, फादर."

एक झाकायला दुसरं. कन्फेशनच्या रांगेत उभा राहून पुढच्याला वाट देत देत मागे आलो आणि घरी आलो.

मंगळ. २३ डिसें.

बाय आली. टांग्यातून दोघांनी उचलून उतरवली. आधी खाटेखाली वाकून पाहायला गेली, वाकवेना. कार्मेल म्हणाली, "बाय, बाहेर चल."

खुर्ची अंगणात नेली. मु. डोंगराच्या माथ्यावर उन्हाला बसला होता. बायनं नुसतं "मुकादम" म्हटलं तर उतरायला लागला. उतारावरून सरळ तिच्या पायापाशी.

ती रडली. डोंगराला हात लावून म्हणाली, "माझ्या मागारी एवढं केलंस? त्याला घर बांधलंस?" कार्मेल आत निघून गेली. तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं. बाय प्रवासानं थकली होती, जखम अजून ओली होती, अशी कारणं मला लगेच सापडतात.

नाताळ

मिस्सेहून परतताना अर्धं गाव डोंगर बघायला. बाय खुर्चीत बसून एकेकाला सांगते, माझ्या भावानं केलं, कुणाच्या भावानं केलं नसेल. तळलेले गोड फुगे वाटले. फादरही आले. डोंगरावर बोटानं टकटक केली. पक्का आवाज. म्हणाले, "असं होय." आणि दुसरा फुगा मागून घेतला.

शनि. २७

आज बायनं मु.ला मांडीवर घेतलं, उजवी बाजू दिसली. बराच वेळ पाहत होती. मी दारात उभा होतो, चित्रांचं बोचकं हातात.

म्हणाली, "हा डोळा कराचीपासूनच अधू त्याचा. बोटीत खारं पानी गेलेलं."

आवाज नेहमीचाच. मी त्याचं चित्र काढलं होतं ती आली त्या वर्षी, दोन्ही डोळे मिरीसारखे काळेभोर. चित्र तिनंच ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलंय. रोज ट्रंक उघडते ती.

विसरली असेल? ऑपरेशनच्या औषधांनी माणसं विसरतात म्हणे. कार्मेलला विचारलं, तू सांगितलंस का? म्हणाली, "मी कशाला सांगू? तुजं हाय ते."

मंगळ. ६ जाने. १९५३

तीन राजांचा सण. जेवताना बाय म्हणाली, "मी ठरवलंय. मुकादम आता बाहेरच ऱ्हाईल, त्याला त्याचं घर झालं. माझ्या खाटेखाली तुझे कागद ठेव. तुला बिचाऱ्याला जागा नाय या घरात."

ऑक्टोबरात मला हवं होतं ते सगळं, तिनं स्वतःहून ताटात वाढलं. "नको, आत राहू दे त्याला," म्हटलं. "मंग एवढं बांधलंस कशाला?" म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली. उत्तराची वाट पाहिल्यासारखी. कार्मेल भात वाढायची थांबली. मी पाणी प्यालो.

बुध. ७ जाने.

सकाळी देवळात जाऊन गोठा मोडला. एका लाथेत बेथलेहेम आडवं, दरवर्षीसारखं.

तसाच घरी आलो, घण काढला आणि अंगणात गेलो. डोंगरच नसला तर मु.ला आत घ्यावं लागेल, आणि का मोडला म्हणून विचारलं की सांगावंच लागेल, असा काहीतरी हिशोब. मु.ला उचलून बाजूला ठेवला. पहिला घाव घातला. मग दुसरा, जोर लावून. टवकासुद्धा उडाला नाही, मनगट मात्र झिणझिणलं. इतकी वर्षं डोंगर केले, त्यातला हा एक मोडत नाही.

मु. घणाच्या आवाजाला घाबरला नाही. उजवी बाजू माझ्याकडे करून चालत आला, त्या बाजूनं त्याला दिसत नाही, माझ्या पायाला धडकला आणि तिथेच थांबला. मी जास्वंदीचं फूल तोडून त्याच्या तोंडापुढे धरलं. आधी डोकं वळवून डाव्या डोळ्यानं हात कुणाचा ते पाहिलं, मगच फूल घेतलं.

ओटीवरून बायचा आवाज आला, "काय रे, अजून पक्का करतोस?"

घण हातातच होता. हो म्हटलं.