फ्राय पॅनमधली भाकरी

प्रिय वैशू,

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे, म्हणजे आहे तशी आहे. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण आपल्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. इथे बोललेलं प्रत्येक अक्षर तिच्या खाटेपर्यंत जातं, आणि तिची जीभ अडखळत असली तरी कान पूर्वीसारखेच तिखट आहेत. पुण्याच्या त्या सेवा केंद्रात तू तिच्यासाठी जागा बघून ठेवलीस, ते लोक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत आणि तुला माझं हो किंवा नाही हवं आहे. तू विचारतेस आणि मी दरवेळी 'बघू' म्हणतो. तुला त्याचा राग येतो हे आवाजावरून कळतं. आज आईचा दुपारी डोळा लागलाय, तेव्हा लिहून टाकतो.

आधी माझे पराक्रम ऐक. होटगी जंक्शनात उभा जन्म सिग्नल सांभाळण्यात गेला, पण भाकरीइतकी अवघड गोष्ट रेल्वेने माझ्या हातात कधी दिली नव्हती. तू म्हणालीस म्हणून स्वयंपाकाला बाई लावून बघितली. आईने तिच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. मग मीच परात पुढ्यात घेतली. ज्वारी दळून आणली, गरम पाण्यात पीठ मळलं, थापायला बसलो. भाकरी एका बाजूला सोलापूर आणि दुसऱ्या बाजूला विजापूर अशी पसरली, कडा चिरल्या त्या वेगळ्याच. तुझी आई आधीसारखी असती तर 'थापता येईना, परात वाकडी' म्हणून दिवसभर चिडवलं असतं. आता ती खाटेवरून नुसती बघते. खरं सांगू, ते बघणं मला टोमण्यापेक्षा जड जातं.

आणि भाजायला घरात काय, तर तू गेल्या दिवाळीत आणलेला तो काळा फ्राय पॅन. आठवतंय ना, 'माझ्याकडे तुझ्यासारखी भाकरी होतच नाही' असं तू म्हणालीस आणि आईने त्याच दिवशी तिचा लोखंडी तवा घासून, फडक्यात गुंडाळून तुझ्या बॅगेत घातला. दुधनीहून लग्नात आणलेला तवा तो. तू त्याच्या बदल्यात हा पॅन ठेवून गेलीस. तिने तो डब्याच्या फळीवर चढवला तो चढवलाच. गड्ड्याच्या जत्रेत दुसरा तवा घेऊ म्हणायची आणि तोवर शेजारी ईरम्माच्या चुलीवर आपल्या भाकऱ्या भाजून आणायची. दोघींच्या कानडीत गप्पा चालायच्या, मी इकडे पेपर वाचायचो. जत्रा भरायच्या आधीच तिच्या अंगावरून वारं गेलं. तवा राहूनच गेला.

पॅनला उभा काठ आहे. तळहातावरून भाकरी आत सोडायची म्हटलं की मनगट त्या काठाला चिकटतं. माझ्या उजव्या हातावर आता चांगली रांगच झालीय चट्ट्यांची. वरून पाणी फिरवावं तर ते काठाशी गोळा होतं, आणि फडक्याने दाबून दाबून भाजली तरी पापुद्रा म्हणून सुटत नाही. तरी मी ती दुधात कुस्करून तिच्या तोंडाशी नेतो. दोन घास गिळते आणि मान फिरवते. ती वाळलीय, वैशू. फोटोत तुला दिसत नाही, कारण फोटो काढताना मी तिला गळ्यापर्यंत शाल पांघरतो.

तुला न सांगितलेली दुसरी गोष्ट अशी की आई बोलायला लागलीय. तू येऊन गेलीस तेव्हा तिला एक शब्द फुटत नव्हता. तू गेल्यावर हळूहळू एकेक शब्द यायला लागला, पण सगळे कानडी. मराठी समजते तिला, पण ओठावर येत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणची भाषा तेवढी आधी परत येते. इतकी वर्षं माझ्याशी मराठीत भांडली, आणि आता 'साकु' म्हणजे पुरे, 'ब्याड' म्हणजे नको, एवढ्यावर आमचा संसार चाललाय. तुला कसं सांगायचं हेच कळेना. तुला तर तिने कानडी कधी शिकवलीच नाही, शाळेत हसतील म्हणून. मी 'आई झोपलीय' म्हणून फोन ठेवायचो, तेव्हा ती बऱ्याचदा जागीच असायची.

तर ती रोज भाकरीच्या वेळी एकच शब्द म्हणायची. मला तो 'आच' असा ऐकू यायचा. मी म्हटलं, हिला आच मोठी हवी. मोठी केली, भाकरी करपली. पुन्हा 'आच'. बारीक केली, कच्ची राहिली. ती डावा हात खाटेवर आपटून तेच म्हणायची आणि मी गॅसची कळ इकडून तिकडे फिरवत बसायचो. एकदा तर ओरडलो तिच्यावर, की बाई, आता ह्या आचेचं काय करू सांग. ती रडली. मग मीही रडलो आणि त्या दिवशी दोघांनी चहा-बिस्किटावर भागवलं.

ईरम्मा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परवा परत आली, दारातून आत पाऊल टाकलं तर इकडे आमचा तोच खेळ चालू. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अण्णा, आच न्हाय वो, हंच म्हणायलीय ती! हंच म्हंजे तवा की! तवा मागायलीय बिचारी, आन् तुमी गॅस फिरवायलाय व्हय?" मी गॅस बंद केला. आई माझ्याकडे बघून हसली, अर्ध्या तोंडाने हसली, पण हसली. ईरम्माने धावत जाऊन आपला तवा आणून दिला. आईने त्याच्या कडेवरून डावा हात फिरवला. तिच्या तव्याला एका बाजूला पोचा आहे ना, तो ती शोधत होती. सापडला नाही तशी तवा बाजूला सारला आणि पुन्हा म्हणाली, हंच.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. पुण्याला ती जाणार नाही. ते केंद्र चांगलंच असेल, पण तिथे तिने हंच म्हटलं तर बिचाऱ्या नर्सेस 'आच' समजून पंखा लावतील. इथे निदान भिंतीपलीकडे ईरम्मा आहे. पण याचा अर्थ मला जमतंय असा काढू नकोस. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते, कितीही मळा, ते धरून राहत नाही. माझं तसं झालंय. फोनवर रोज 'सगळं ठीक' म्हणतो ते तिला ऐकू जावं म्हणून. मी फार थकलोय गं. तुझ्या काचेच्या शेगडीवर तो तवा बसत नाही असं तूच म्हणाली होतीस, म्हणजे कुठेतरी कपाटात असेल. तो पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, रजा काढून ये, आणि चार दिवस तिच्यापाशी बस म्हणजे मला पलीकडच्या खोलीत झोपता येईल. तुझी आई तवा मागतेय, पोरी, आणि मी तुला मागतोय.

वाट बघणारा तुझाच,
अण्णा