खिळ्यावरच्या अंगठ्या

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. मी खुशाल आहे, गुडघे सोडून. तिकडे तू, धाकटी आणि चिऊ मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मग 'धाकटीशी बोल' म्हणून बायकोच्या हाती फोन देऊन सटकतोस. पत्राच्या तावडीतून सुटता येत नाही. शेवटपर्यंत वाच, नाहीतर धाकटीला सांगेन तुझ्यापुढे मोठ्याने वाचायला.

गेल्या आठवड्यात तुमच्या कारखान्यात पाहणीला आले, तो दिवस डोक्यातून जात नाही. तुमच्या मॅनेजरने माझी ओळख काय करून दिली रे! 'किरणोत्सर्गापासून कामगारांचं रक्षण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या प्रमुख.' एवढं बोलून बिचाऱ्याला धाप लागली. मग टाळ्या, मग फुलं. मग मी तुमच्या कारखान्याला ती पितळी ढाल दिली, वर्षभरात एकाही कामगाराने किरणांची हद्द ओलांडली नाही म्हणून. तुम्ही मंडळी कॅन्सरच्या रुग्णांसाठी किरणोत्सर्गी औषध बाटल्यांत भरता, दिवसभर सगळा खेळ बोटांचा, आणि किरणं मोजणारी ती प्लास्टिकची अंगठी, ती एकाच्याही बोटात कुरकुरली नाही! मी भाषणात म्हटलं, असा कारखाना मी आजवर पाहिला नाही. खरंच पाहिला नव्हता.

तू मागच्या रांगेत उभा होतास, उजवा हात खिशात घालून. फोटोच्या वेळी मी जवळ येऊन कुजबुजले, 'हात काढ की खिशातून, साहेब लोक आहेत.' तू काढलास. डावा.

धाकटी म्हणते तेल उडालं. तळताना. तू आणि तळण? तुला चहा ठेवायला सांगितला तर आधी पातेलं कुठे आहे ते विचारतोस! थाप मारायची तर निदान मला पटेल अशी तरी मारायची. तेलाने भाजलं की लगेच फोड येतो, बोंब मारावी लागते, आणि काही आठवड्यांत खाली नवी कातडी धरते. तुझं सगळं उलटं झालंय. आधी काहीच नाही, मग नुसती लाली, मग फोड, आणि आता बोटांची टोकं काळी पडताहेत. हे मला चिऊने सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस. बापाला सदऱ्याची बटणं लावून द्यावी लागतात म्हटल्यावर कितीही मोठी झाली तरी ती पोर आत्याला नाही तर कुणाला सांगणार?

आईला लांबचं दिसायचं, जवळचं नाही. सुई ओवायला ती तुलाच हाक मारायची, मला कधीच नाही. माझे हात म्हणजे मुसळं, म्हणायची. आठवतं ना?

माझा प्रश्न एकच आहे. ती अंगठी कुठे होती?

इथे या जखमांवर काम करणारे एक सर्जन आहेत. त्यांच्याशी बोलून ठेवलंय. निघून ये.

तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर बघून आधी वाटलं, कुण्या पहिलीतल्या मुलाने लिहिलंय. मग दार लावून बसले थोडा वेळ. इथे सगळे समजतात की मॅडम भाषण तयार करताहेत.

तर चहाच्या खोलीत खिळे आहेत. प्रत्येकाचा आपापला खिळा, आणि त्यावर प्रत्येकाची अंगठी. आत कामाला जाताना काढून ठेवायची, बाहेर आलं की घालायची, आणि पाहणीच्या दिवशी दिवसभर मिरवायची. म्हणजे मी ढाल दिली ती भिंतीतल्या खिळ्यांना. वा! त्या बिचाऱ्यांनी वर्षभर खरोखरच हद्द ओलांडली नसेल.

चिमट्याचंही वाचलं. चिमट्याने बाटली घसरते, वेळ लागतो, आणि त्या औषधाचा जोर तासातासाला उतरतो. तिकडे इस्पितळात माणूस टेबलावर वाट बघत झोपलेला. म्हणून मग हातानेच. मला हे समजत नाही असं वाटतं का तुला? चिमट्याचं काम किती वेळखाऊ आहे ते मी करून पाहिलंय. म्हणूनच तर अंगठ्या दिल्या, की निदान कळावं कुणाच्या बोटांना किती लागलं.

पण तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. 'ताई, अंगठीवर हद्द भरली की तुझा नियम मला वर्ष संपेपर्यंत कामावरून बाजूला करतो. ठेकेदार बाजूला करत नाही, घरी पाठवतो. तू आम्हाला किरणांपासून वाचवतेस गं, पण त्या उरलेल्या महिन्यांत खायचं काय?'

हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. गेल्याच सोमवारी सभेत मी कलम मांडलं. ज्याची हद्द भरली त्याला किरणांपासून दूरचं काम द्यायचं आणि पगार तोच ठेवायचा. साधी गोष्ट. सगळ्या देशांचे प्रतिनिधी होते. कुणी विरोध केला नाही. विरोध केला असता तर भांडले असते, तुला माझं तोंड माहीत आहे. त्यांनी कौतुक केलं. अतिशय मोलाची सूचना, म्हणाले. मग चहा झाला, आणि चहानंतर कलमाच्या जागी एक वाक्य आलं: 'प्रत्येक देशाने आपापल्या परिस्थितीनुसार याचा विचार करावा.' म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी पुन्हा उठले तर अध्यक्ष म्हणाले, बाईंना या विषयाची फार कळकळ आहे. सगळे हसले, प्रेमानेच. मी खाली बसले.

आता तुझी अट. खिळ्यांबद्दल कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं तरच ऑपरेशनला येणार. अरे गाढवा! स्वतःच्या बोटांची घासाघीस करतोस, तीही बहिणीशी? मंडईत भाव करतात तसा? सर्जन म्हणतात, काळं वर चढतंय. आज बोटं आहेत, उद्या मनगट असेल. आणि तू मला लिहितोस की खिळे बाहेर पडले तर कारखान्याची मान्यता जाईल, कारखाना बंद होईल, आणि सोबतचे सगळे जण देशोधडीला लागतील. सगळ्या जगाची काळजी तूच करायची, नाही का? हे खूळ आपल्या घरात मला एकटीलाच लागलंय असं वाटायचं.

दोन दिवस मी रागाने जेवले नाही. कार्यक्रमाची प्रमुख असं वचन देऊ शकत नाही. हे नुसतं चूक नाही, मी जन्मभर केलेल्या कामावर बोळा फिरवणं आहे.

दिलं वचन. ये. चिऊला बरोबर आण, सामान तू उचलायचं नाहीस.

ताई


ता. १८ जून

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. जखम कोरडी झाली असेल. सर्जन म्हणाले, तीन बोटांवर निभावलं, अंगठा आणि करंगळी राहिली हे नशीब. नशीब म्हणे! मी मान हलवली. माणूस एकदा हरायला लागला की कशालाही नशीब म्हणतो.

तू जायच्या आदल्या दिवशी मी संत्रं सोलायला घेतलं आणि तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस. लहानपणी तू अख्ख्या संत्र्याची साल एका तुकड्यात काढायचास आणि माझ्या डोक्यावर टोपी म्हणून ठेवायचास. या वेळी सालीचे बारीक बारीक तुकडे झाले. तू ते सगळे वेचून बशीत ठेवलेस. ते संत्रं मला गेलं नाही रे. तू गेल्यावर टाकून दिलं. आज सांगते.

तुझ्या बोटांच्या भरपाईसाठी केलेल्या अर्जाचा निकाल आला. नामंजूर. कारण एका ओळीचं आहे: 'अंगठीच्या नोंदीनुसार कामगाराच्या उजव्या हातास मिळालेली मात्रा नगण्य.' म्हणजे तुझ्या हाताला काही झालेलंच नाही. बोटं गेली कुठे, हा तुझा खासगी मामला. रक्ततपासणीतूनही काही निघत नाही, कारण किरणं फक्त बोटांना लागली. हे मीच लिहिलेल्या पुस्तिकेत आहे, भरपाईवाल्यांनी पान उघडून मलाच दाखवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आता जे लिहायचं आहे ते. इतका वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी करते आहे, तुझ्या लक्षात आलं असेल.

तुमच्या कारखान्यातल्या अंगठ्यांचे या तिमाहीचे आकडे काल टेबलावर आले. तुझं नाव नसणार हे धरूनच बघत होते. तुझ्या जागी दुसरं नाव होतं. आडनाव आपलंच.

बारक्या, तू मला सांगितलं नाहीस. धाकटीनेही नाही. चिऊ इथे आठवडाभर माझ्या शेजारी झोपली, माझे गुडघे चेपून दिले, आणि तीही बोलली नाही. 'तुम्ही गप्प बसा, आम्ही तुमच्या जागी मुलीला घेतो', असंच म्हणाले ना मॅनेजर? आणि तू हात जोडले असशील. जोडता येतात का अजून? फार वाईट बोलले, पण खोडत नाही.

तिच्या नावापुढचा आकडा शून्य आहे. माझा सहायक हसत आला, 'मॅडम, भाचीचं छान आलंय, अगदी कोरं.' त्याला काय सांगू? ते काम प्रामाणिकपणे चिमट्याने करणाऱ्या माणसाच्या अंगठीवरही थोडं काहीतरी येतंच. यायलाच हवं. शून्य फक्त खिळ्याला येतं. तुझ्याच खिळ्याला.

मी वचन मोडायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पण आधी तिला फोन केला. म्हटलं, चिऊ, मी सगळं बाहेर काढते आहे, कारखाना बंद होईल, तू घरी बस, पुढचं आत्या बघेल. ती रडेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, 'आत्या, बंद झाला तर आम्ही सगळे नदीपलीकडच्या कारखान्यात जाणार. बोलणं झालंय. तो तुझ्या कार्यक्रमात नाही. तिथे चिमटे नाहीत, किरणं अडवणारी काच नाही, अंगठ्याही नाहीत.' मग जरा थांबून म्हणाली, 'तिथे खिळासुद्धा नाही गं.'

मी म्हटलं, निदान अंगठी घालून काम कर. ती म्हणाली, 'घातली तर पावसाळा संपायच्या आत घरी बसेन. आणि बाबांची औषधं?' मी म्हटलं, ती मी देते. तर म्हणाली, 'बाबा घेणार आहेत का तुझ्याकडून?' तुला मीही ओळखते.

इतक्या देशांचे कामगार माझ्या नियमांनी वाचतात असं माझ्या दारावरच्या पाटीवर लिहिल्यासारखं आहे. आणि आपल्या घरातल्या एका पोरीचे हात मला वाचवता येत नाहीत. बोलले तरी जातील, गप्प बसले तरी जातील. आडबिड, विहीरबिहीर, सगळं करून पाहिलं. मला वाट दिसत नाही रे बारक्या.

तेव्हा माझं एवढंच ऐक. रोज ती कामावरून आली की तिचा उजवा हात आपल्या हातात घे आणि बोटांची टोकं बघ. उजेडात बघ, खिडकीपाशी. ती हात मागे घेईल, हसेल, थकले म्हणेल. सोडू नकोस. लाली कशी दिसते हे आता तुला माझ्याइतकंच कळतं. दिसली तर तेल उडालं म्हणू नका. मला कळवा. सर्जन इथेच आहेत.

धाकटीला आशीर्वाद. चिऊला काय लिहू ते सुचत नाही.

तिमाही अहवालावर, त्या शून्यासकट, आत्ताच सही केली. शाई वाळायच्या आत त्याच पेनाने इथेही करते आहे,

तुझी ताई