चौदा दिवसांत संपलेली टाकी

सोलापूर,
२७ ऑक्टोबर २०२३

चि. सयाजीस, जोतीरामचे अ. उ. आ.

तुझी बोट दसऱ्याला पाण्यात उतरली, समाधान वाटले. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाहुण्यांना पक्षी दाखवायचे आणि चहा-मासे खाऊ घालायचे, हा धंदा आपल्या घरात पहिलाच. तीस वर्षे हॉटेलांच्या भटारखान्यांत गॅस बसवला, पण पाण्यावर प्रथमच. देवाने करून घेतले.

फोनवर तू हसतोस, म्हणून लिहितो. दोन कॉक बसवले आहेत. एक टाकीपाशी, एक चुलीच्या अलीकडे. काम झाले की आधी टाकीपाशी बंद कर, नळीतला उरलेला गॅस जळून जाऊ दे, मग चूल बंद कर. टाकी मागच्या बाजूला उघड्यावरच राहू दे. गॅस हवेपेक्षा जड. घरात गळाला तर दाराखालून जातो. बोटीला दार कुठले? तो पाण्यासारखा तळाला साचतो आणि डोळ्याला दिसत नाही. म्हणून रोज सकाळी काडी ओढण्याआधी फळ्या उचलायच्या आणि बादलीने तळ उपसून बाहेर टाकायचा, तळ कोरडा दिसला तरी.

यावरून बोट उतरवताना तू माझी जी थट्टा केलीस ती पचली नाही. सगळ्या काठासमोर टोपी, टॉवेल, नारळ दिलास आणि वर रिकामी बादली. रिकामी बोट उपसायला सांगणाऱ्या दादांचा हा मान, असे माईकवर म्हणालास. तुझी वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. असो.

केराबाईस व सृष्टीस आशीर्वाद. माया आहे तशी ठेव.

जोतीराम


काठावरून,
३० नोव्हेंबर २०२३

ती. दादास, सयाजीचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत न्हाय, म्हणून हे पत्र. बादलीचा राग अजून हाय म्हणायचं! अहो, आठ दिवस उपसली की बोट. पलीकडचा शिवलिंगप्पा रोज काठावर येऊन विचारायचा की आज किती हवा निघाली, आणि उद्यासाठी थोडी ठेवलीस का. पाहुणे मोबाईलवर माझे व्हिडिओ काढायला लागले. मग सोडून दिलं.

धंदा लई चांगला हाय. सृष्टी चिलापी काय तळते! फक्त लाल टाकी फोटोत येते म्हणून पाहुणे कुरकुरायचे, तेव्हा ती फळ्यांखाली ठेवली. नळी पुरेना, म्हणून मधे हातभर रबर जोडलं. टाकीचा कॉक आता खाली गेला, तो उघडाच असतो. वरचा बंद करतो की.

एक विचारायचं होतं. पहिली टाकी बावीस दिवस गेली, ही दुसरी चौदा दिवसांत संपली. काम तेवढंच हाय. एजन्सीवाला कमी भरून देतो काय? तुम्हाला या गोष्टी कळतात, कळवा.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नये.

सयाजी


सोलापूर,
८ डिसेंबर २०२३

चि. सयाजीस, अ. उ. आ.

पत्र पोचले. काल गुरुवार, अक्कलकोटला जाऊन आलो. स्वामींपुढे बसलो की मन निवते. तुझ्यासाठीही अंगारा मागून घेतला, सोबत पाठवत आहे.

टाकीचे वाचले. त्याविषयी समोरासमोर बोलू. आधी तू सोलापूरला ये आणि तुझ्या मुक्तावहिनीसमोर माझ्या पाया पडून चूक झाली म्हण. चारचौघांत ज्याचा मान घालवला त्याच्याकडे सल्ला पत्राने मागत नाहीत. थोरल्यापुढे वाकण्याने कोणी लहान होत नाही.

तुझी वाट पाहतो. देव तुला सुबुद्धी देवो.

जोतीराम


काठावरून,
१८ डिसेंबर २०२३

ती. दादास सा. न. वि. वि.

पाया पडायला मी कधी नको म्हणालो? पण हंगाम सुरू हाय, एक दिवस मोकळा न्हाय. संक्रांत झाली की येतो. वहिनींपुढे काय, हवं तर बाजार समितीच्या चौकात पडतो.

तिसरी टाकी अकराच दिवस गेली. केरा घाबरली, तुम्हाला विचारून घ्या म्हणाली. मी म्हणालो, दादा कसा हाय ते मला म्हायती हाय. काही बरंवाईट असतं तर पहिल्या एसटीनं आला असता, राग चुलीत घालून. त्यानं अंगारा पाठवला, म्हणजे काळजीचं काही न्हाय. बरोबर का? दोन ओळी लिहा.

थोरलेपण सांभाळावे, आमचे सांभाळून घ्यावे.

सयाजी


काठावरून,
१४ जानेवारी २०२४

ती. थोरल्या आबांस, सृष्टीचा नमस्कार.

दोन जानेवारीला सकाळी पप्पांनी चहासाठी काडी ओढली आणि फळ्या उडाल्या. मी काठावर पाहुण्यांची जाकिटं मोजत होते. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात पप्पा गेले. तुम्ही तिथं आला होता, आईला धरून रडलात. तेव्हा विचारता आलं नाही.

पप्पा रोज पोस्टमनला विचारत होते. दादानं लिहिलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं ते पाहुण्यांनाही सांगत. तुमची पत्रं त्यांच्या पेटीत सापडली, सगळी वाचली. मला एवढंच सांगा, टाकी चौदा दिवसांत का संपली हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?

बोटीचा लोखंडी सांगाडा शाबूत आहे. आई आणि मी ती पुन्हा चालवणार आहोत. गॅस बसवायला दुसऱ्या कुणाला पाठवा. तुम्ही येऊ नका.

सृष्टी


सोलापूर,
१९ जानेवारी २०२४

चि. सृष्टीस,

होय. वाचता वाचताच कळले. बावीस वजा चौदा, आठ दिवसांचा गॅस चुलीत जळला नव्हता, तो त्या रबरातून तळात गेला होता. चार तासांचा रस्ता होता. मी निघालो नाही. अक्कलकोटला मात्र गेलो. सयाजी येईल, वाकेल, आणि मग मी सांगेन, असे मनात रंगवत बसलो होतो. त्यात मला गोडी वाटत होती. दुसरे पत्र आले तेव्हाही वाटत होती. इतकी वर्षे पूजा करून माझ्यात हे निघाले.

बार्शीहून गौस येईल. माझ्या हाताखाली शिकला, मुलगा प्रामाणिक आहे. टाकी उघड्यावरच बसवून घे, आणि तळ उपसताना कोणी हसले तर हसू दे.

गौस मला उस्ताद म्हणतो. माझे जुने कॉक आणि जोडण्या तपासेल, त्याला त्यांत खोट सापडणार नाही. उस्तादांचे काम चोख होते, असे तुझ्या आईसमोर म्हणेल. तेव्हा त्याला माझे आठ डिसेंबरचे पत्र वाचायला दे.

जोतीराम