माझ्याकडे कलणारी इमारत

५ डिसेंबर
नोकरी लागली, तीही घरापासून एसटीच्या टप्प्यात. मुरबाडची रुचिता शहापुरात इंजिनिअर म्हणून रुजू झाली, आईने देवापुढे पेढे ठेवले. हायवेलगतच्या या बावीस मजली इमारतीच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. प्रत्येक मजल्यावर सेन्सरची तळहाताएवढी डबी चिकटवली. इमारत किती हलली, किती कलली, ते वरची डबी खालचीला सांगते, ती तिच्या खालचीला, आणि विहिरीवरच्या बातमीसारखं सगळं शेवटी इंटरनेटवरून माझ्या फोनवर येतं. वायरचा पत्ता नाही. कल कुठल्या दिशेला, ते फोनवर एक बाण दाखवतो. बिल्डरचा मॅनेजर रितेश म्हणाला, मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, मनाला लावून घेऊ नका. मी सगळं मनाला लावून घेते, हे त्याला कळेल हळूहळू. राहायला इथेच पूर्वेकडचा फ्लॅट दिलाय. निम्म्या घरांत कुटुंबं आलीत. झकास आहे.

९ डिसेंबर
परवा इमारत किंचित पूर्वेला कलली. उन्हाने एक बाजू तापली की थोडंफार होतंच, म्हणून सोडून दिलं. काल मी पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये सामान हलवलं, तिथे फोनला रेंज बरी आहे. आज बाण पश्चिमेला. डब्या उलट्या लावल्या की काय म्हणून एकूण एक तपासल्या. चूक नाही. जिना झाडणाऱ्या सकुबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या जवळच्या शेणवे गावच्या, आईच्या वयाच्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धवट पडून होती बाय, इतकी वर्सं कोन इचाराय नाय आला. तुमी इचारलात. दुखनाईत मानूस इचारनाऱ्याचाच हात धरतो. मी म्हटलं, माझा हात एवढा स्वस्त नाही.

१२ डिसेंबर
खरंखोटं करायला फोन घेऊन गच्चीवर फिरले. मी जाईन तिकडे बाण. थांबले की थांबतो. भीती वाटली, लपवून काय करू? रितेशला म्हटलं, घरं रिकामी करा. तो म्हणाला, डब्या बिघडल्यात, आणि लोकांत बोललात तर नोकरी जाईल. गेली उडत. पण माझ्यामुळेच कलत असेल, तर मी नसले की सरळ होईल. उद्या घरी जाते.

१३ डिसेंबर, मुरबाड
सरळ झाली नाही. किन्हवलीला एसटी वळली तसा बाणही वळला. जितकी लांब गेले तितका कल वाढला. आईने वालाचं बिरडं केलं होतं. जेवताना फोनवर पाहिलं, इमारत आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने वाकली होती, धोक्याच्या रेषेला टेकत आली होती. तिच्यात लहान पोरं राहतात. ताट बाजूला सारलं. आई म्हणते, नको जाऊस. जाणार.

१४ डिसेंबर
मधल्या जिन्यात बसलेय. इथे बसलं की ती सरळ होते. सकुबाई दारं वाजवत फिरतायत, निघा, सामान र्‍हाऊ द्या. रितेश फोनवर ओरडला. पोलिसांना कळवलंय म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.
भिंतीला पाठ टेकली तर पलीकडूनही कुणीतरी— टेकल्यासारखं. ऊबदार.
सरकले. मी तुझी कुणी लागत नाही.

दुपार
सगळे बाहेर. हायवेकडच्या गेटशी जमलेत. सकुबाई हाका मारतायत, ये गो बाय, ये. त्या वाटेने गेले तर ही माझ्यामागे— त्यांच्यावर—
नाही. आणि जन्मभर हिच्या पोटात बसायलाही मी आले नाही. मागच्या बाजूला भात कापलेलं शेत आहे. नुसती धसकटं. माणूस नाही, गुरं नाहीत.
मागचं दार. पळते.

शेताच्या बांधावर थांबून लिहितेय. बाण माझ्याकडे. इमारतीने धोक्याची रेष ओलांडली. मागे करकर—
वळून बघणार नाही. मी हवी ना तुला? ये. पण कुठे पडायचं ते मी ठरव—